काचेच्या काउंटरवरचा मे महिना

सुजाता गेल्याची बातमी तीन ठिकाणी फिरून मग माझ्याकडे आली, आणि ते मला अजूनही खुपतं. बंगळुरूहून आधी फोन गेला दोंडाईच्याला, स्टेशनमास्तरांकडे. त्यांनी माणूस पाठवून तिच्या आबांना निरोप दिला. आबांच्या पुतण्याने दुपारी जळगावला आमच्या सराफी दुकानात फोन केला, तो यांनी उचलला, आणि समोरचं गिऱ्हाईक उठेपर्यंत थांबून मग हे जिना चढून वर आले. मी पोळ्या लाटत होते. यांनी सांगितलं आणि माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो हा, की जवळ कोण होतं? हे म्हणाले, त्या तिच्या प्रयोगशाळेतल्या शैलजा मॅडम होत्या म्हणे, शेवटपर्यंत. मला आधी राग आला. खराखुरा, कानशिलं तापवणारा राग... की शेवटीसुद्धा तीच. रडू मागाहून आलं, तव्यावरची पोळी करपल्यावर. हे बिचारे दुकान तसंच टाकून आले होते, त्यांनी गॅस बंद केला आणि ते खाली गेले.

गेल्या काही आठवड्यांत तिच्याबद्दल पुष्कळ छापून आलं. खान्देशची कन्या, जिद्द, चिकाटी, सगळं आलं. जळगावात शोकसभा झाली, तिथे तर ज्यांनी तिला कधी दोन ओळी शिकवल्या नव्हत्या त्यांनीही ‘माझी विद्यार्थिनी’ म्हणून डोळे पुसले. एका सरांनी, ती आपल्याच सांगण्यावरून संशोधनाकडे वळली, असं बेधडक ठोकून दिलं. मी मागच्या रांगेत ओठ आवळून ऐकत बसले होते. मला बोलायला कुणी बोलावलं नाही, आणि का बोलावतील? मी तिची सहकारी नाही, नात्याची नाही. सराफाची बायको, दागिन्यांच्या नक्ष्या काढणारी. म्हणून या पुरवणीच्या संपादकांनी ‘मैत्रिणीच्या आठवणी’ मागितल्या तेव्हा मी लगेच हो म्हटलं. मी नाही म्हटलं असतं तर त्यांनी दुसऱ्या कुणाला तरी विचारलं असतं.

आमची ओळख जळगावच्या कॉलेजात, केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलला झाली. जोड्या पाडल्या त्यात मी आणि ती एका टेबलावर आलो. मी जैन मारवाडी घरातली, वडिलांचा पाचोऱ्याला भुसाराचा व्यापार. ती दोंडाईच्याच्या रेल्वे क्वार्टरमधली, बौद्ध घरातली. तिचे वडील, म्हणजे आबा, स्टेशनवर सांधेवाले होते. गाडी या रुळावरून त्या रुळावर घ्यायची की दांडा ओढायचा, हे त्यांचं काम. सुजाता उंच, सडसडीत, बोलायला सावकाश आणि हट्टाला पक्की. शहरात आल्यावर तिने शहरी बोली पटकन उचलली होती, पण माया आली की अहिराणीवर यायची. मी फुगून बसले की शेजारी येऊन बसायची आणि म्हणायची, “कांचन, तुले राग उना का?” त्यावर रागात राहणं अवघड होतं. मी तरी प्रयत्न करायची.

फुगायला कारणं होती. जर्नलमधल्या आकृत्या मी काढायची, तिच्याही आणि माझ्याही. आकडेमोड ती करायची, तिचीही आणि माझीही. माझा हात चांगला होता; माहेरी दिवाळीत सबंध गल्लीच्या दारांत माझी रांगोळी असायची. एक सलग रेघ, कुठे जाड नाही, कुठे बारीक नाही. तिची रेघ म्हणजे पावसात सापडलेली मुंगी. पण निकाल लागला की ती पहिली आणि मी चौथी. चौथी येणं काही वाईट नव्हतं, पण ती नसती तर मी तिसरी आले असते, हा हिशेब मी दर वर्षी करायची. तिने माझ्या आकृत्यांवर गुण मिळवले असं मी एकदा तिला तोंडावर बोलून दाखवलं, तर म्हणाली, हो की, अगदी खरं आहे. भांडायला समोरचा माणूस तयारच नसला की चिडचिड आणखी वाढते.

पदवी झाली आणि तिला बंगळुरूला पुढच्या शिक्षणाची जागा मिळाली. मलाही जायचं होतं. माझ्या वडिलांकडे पैसा होता, माणसं होती, बंगळुरूला आमच्या गोतातली दोन दुकानंही होती. त्यांनी माझं लग्न जळगावच्या सराफाकडे ठरवलं. सुजाता आबांना विचारायला दोंडाईच्याला गेली तेव्हा मी सोबत होते. मला वाटलं होतं, आता रडारड होईल, आजूबाजूची माणसं गोळा होतील. आबा ड्यूटीवरून आले, हातपाय धुतले, तिचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “रेल्वेना पास शे ना, जाय मग.” एवढंच. मग जेवायला बसले. त्या दिवसापर्यंत मला सुजाताच्या गुणांचा हेवा वाटत होता. दोंडाईच्याहून परत येताना गाडीत मला तिच्या बापाचा हेवा वाटत होता, आणि हा हेवा जास्त वाईट, कारण गुण तरी अभ्यास करून वाढवता येतात.

पुढची काही वर्षं पत्रं, राखी, कधीमधी भेट. आणि मग एका मे महिन्यात ती आमच्या दारात उभी राहिली, खांद्याला शबनम, आणि काखेत कागदांचं एवढं मोठं भेंडोळं. दोन्ही कडांना भोकं असलेला रुंद कागद, त्यावर कॉम्प्युटरने छापलेले नुसते आकडे. पानंच्या पानं आकडे. ती म्हणाली, कांचन, मला तुझा हात पाहिजे. इतक्या वर्षांत कुणी माझ्याकडे असं काही मागितलं नव्हतं. मी आधी, चहा घे, मग बघू, असं तुटकपणे म्हटलं, पण आतून मी कधीच कबूल झाले होते.

तिचं काम काय होतं ते शोकसभेत तीन जणांनी सांगितलं आणि तीनही वेळा श्रोत्यांनी माना डोलावल्या. कुणाला काही कळलं असेल असं मला वाटत नाही. मला तिने आमच्या तिजोरीवरून सांगितलं होतं. आमच्या दुकानातल्या जुन्या तिजोरीला दोन किल्ल्या. एक माझ्या सासऱ्यांकडे, एक काकासासऱ्यांकडे. दोघे भाऊ एका वेळी समोर उभे राहिल्याशिवाय ती उघडत नाही. सुजाताने ते पाहिलं आणि एकदम खूश झाली. म्हणाली, शरीरातल्या प्रत्येक पेशीत तेच एक पुस्तक असतं. डोळ्याच्या पेशीतही तेच आणि यकृताच्या पेशीतही तेच. मग कुठलं पान कुठे उघडायचं हे कोण ठरवतं? काही प्रथिनं ठरवतात. ती डीएनएच्या धाग्यावर येऊन बसतात, एकटी नाही, दोघं-तिघं मिळून, एकमेकांना धरून. नीट बसली की जनुकाची नक्कल उतरवणारं यंत्र चालू होतं. एखादं आलं नाही तर पान मिटलेलं राहतं. ती म्हणाली, कोण कोण येतं ते लोकांना थोडंफार कळलंय. मला ते बसतात कसे, हात कुठे ठेवतात, एकमेकांना धरतात कुठे, ते बघायचंय.

बघायचं तर त्या प्रथिनांचा आणि डीएनएचा मिळून स्फटिक करावा लागतो, त्यातून क्ष-किरण सोडायचे आणि पडलेल्या ठिपक्यांवरून आतला आकार गणिताने काढायचा. तिची दोन वर्षं नुसती स्फटिकात गेली होती. पहिला सुंदर चौकोनी स्फटिक आला तेव्हा सगळ्या प्रयोगशाळेने पेढे खाल्ले आणि दुसऱ्या दिवशी सुईने टोचून पाहिलं तर कट् आवाज आला. प्रथिनाचा स्फटिक मऊ असतो, सुई लागली की भुगा होतो. आवाज आला म्हणजे मीठ. साधं मीठ. हे ती हसत हसत सांगत होती आणि मला आत कुठेतरी बरं वाटलं, की हिचंही काही चुकतं. ते चेहऱ्यावर दिसू नये म्हणून मी उठून तिला आणखी एक ज्वारीची बिबडी तळून वाढली.

माझा हात कशाला पाहिजे होता ते असं. कागदावरचा प्रत्येक आकडा म्हणजे त्या जागी किती दाटी आहे त्याची खूण. सारखे आकडे रेघेने जोडत गेलं की नकाशात डोंगराची चढण दाखवतात तशी वळणं उमटतात. पारदर्शक प्लॅस्टिकचा एक कागद म्हणजे रेणूचा एक पातळ काप. असे कितीतरी काप काढायचे, एकावर एक रचायचे, खालून उजेड सोडायचा, की रेणू समोर उभा. प्रयोगशाळेत हे काम करणारी मुलं होती, पण त्यांच्या रेघा तिला पसंत नव्हत्या. आमच्याकडे वरच्या खोलीत दुकानातलं जुनं काचेचं काउंटर पडून होतं, आत ट्यूबलाइट लावलेलं, ज्यात पूर्वी बांगड्या मांडायचे. सुजाताने त्यावरची धूळ पुसली, ट्यूब लावली, काचेवर कागद पसरला आणि म्हणाली, आमच्याकडे असलं टेबल नाही. तिने आमच्या घरातली एखादी वस्तू तिच्याकडे नाही असं म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकलं.

घरात तिचं येणं सुरुवातीला सगळ्यांना पसंत नव्हतं. पहिल्या वर्षी सासूबाईंनी तिच्या चहाला वेगळा कप काढला, कानाला टवका गेलेला. तिला ते कळलं. तिने चहा घेतला, कप स्वतः विसळला आणि आमच्या सगळ्यांच्या कपांत नेऊन ठेवला, दर वेळी, दिवसातून तीनदा. काही दिवसांनी टवक्याचा कप सासूबाईंच्याच हातात आला; त्यांनी तो ओळखला आणि त्यातूनच चहा प्यायल्या. मला मात्र मनात आलं, की मी या घरात येऊन इतकी वर्षं झाली, असं काही आपल्याला का सुचलं नाही?

जळगावचा मे म्हणजे काय ते इथल्या वाचकांना सांगायला नको. कूलर गरम हवा फेकत होता आणि मधून मधून लाइट जात होते. माझ्या मनगटाचा घाम प्लॅस्टिकवर उतरायचा आणि ओली शाई फिसकटायची. एक अख्खा काप असा वाया गेल्यावर मी एक युक्ती काढली. रेघा काढून झाल्या की कागद पालथा घालून रचायचा, म्हणजे शाई खाली, वरून घाम लागला तरी पुसून टाकता येतो. चारही कोपऱ्यांत फुल्या होत्या त्या फुल्यांवर फुल्या बरोबर बसत होत्या. सुजाताला युक्ती आवडली. गठ्ठा हलू नये म्हणून कोपऱ्यांवर तराजूची जुनी पितळी वजनं ठेवली होती. आठवडाभर आम्ही दोघी खपलो. शेवटचा काप बसला, खालून ट्यूब लावली, आणि खरंच, त्या रेघांच्या ढिगातून एक जाडजूड दोर वर आला, जिन्यासारखा फिरत फिरत. मी टाळी वाजवली. सुजाता वाकून पाहत होती, तिने टाळी वाजवली नाही.

प्रथिनातला पीळ उजवा असतो. साधा स्क्रू फिरतो तसा. जगात कुठल्याही प्राण्याच्या, झाडाच्या प्रथिनात पाहा, असा पीळ उजवाच. आमच्या काउंटरवरचा पीळ डावा होता. तिने वरून पाहिला, गुडघ्यांवर बसून खालून पाहिला. डावा पीळ उलटून पाहिला तरी डावाच राहतो, हे मला तेव्हा कळलं. ती भिंतीला टेकून खाली बसली. तिच्या गणितात एका ठिकाणी दोन वाटा होत्या, आरशातल्या बिंबासारख्या, आणि त्यातली चुकीची वाट धरली असेल तरच असा डावा पीळ येतो. म्हणजे वर्षभराचं काम चुकीच्या वाटेने गेलं. त्यात परदेशातल्या एका प्रयोगशाळेतली माणसं त्याच प्रथिनामागे लागली होती आणि ती वर्षभर थांबणार नव्हती. दोन दिवस ती जेवली नाही, म्हटलं तरी चालेल. नुसती आकडे पाहत बसायची. मला तिची दया येत होती आणि खरं सांगायचं तर मला तिच्या त्या दुःखाचाही हेवा वाटत होता. माझ्या आयुष्यात असं काही नव्हतं जे चुकलं तर मी दोन दिवस जेवणार नाही.

तिसऱ्या दिवशी ती सामान आवरायला लागली. गठ्ठा बांधायचा म्हणून मी कोपऱ्यावरचं वजन उचललं. वजनाखाली मी प्रत्येक कापाचा क्रमांक लिहिलेला होता, मराठी आकड्यात, माझ्या हातचा. तो उलटा दिसत होता, आरशात दिसावा तसा. मी तिला हाक मारली. ती आली, तिने आकडा पाहिला, दुसरं वजन उचललं, तिसरं उचललं. मग माझ्याकडे पाहिलं. पालथे, म्हणाली, बठ्ठे पालथे. एकेक कागद पालथा घातला की त्यातली डावी बाजू उजवी होते. सगळे पालथे घातले की सगळा रेणूच आरशात जातो. गणित बरोबर होतं. चुकला होता तो आमचा घाम. आम्ही दोघींनी सगळा गठ्ठा पुन्हा सुलटा रचला, आणि दोर उजवीकडे फिरत वर गेला, त्याच्या कुशीत डीएनएचा धागा, आणि प्रथिनाचं एक बोट त्या धाग्याच्या खाचेत अलगद गेलेलं. त्यानंतर तिने नियमच केला. मनगटाखाली घडी घातलेला नॅपकिन ठेवायचा आणि कागद कधीही पालथा घालायचा नाही. पांढऱ्या नॅपकिनांची जोडी मी त्यासाठी फुले मार्केटमधून आणली, एक तिला, एक मला; दोन्ही इथेच काउंटरपाशी राहायचे.

त्या कामाचा लेख बाहेरदेशी छापून आला. तिने त्याची प्रत आणून माझ्या हातात दिली. वर नावं होती सुजाताचं, तिच्या सरांचं आणि शैलजाचं. शेवटी बारीक अक्षरात आभार, आणि त्यात एका ओळीत माझं नाव. सुजाता माझ्या चेहऱ्याकडे पाहत होती, आनंद दिसतो का म्हणून. मी विचारलं, शैलजा कोण? तिने सांगितलं, तिच्या शेजारच्या टेबलावर काम करणारी, म्हैसूरकडची, स्फटिक वाढवण्यात तिचा हात धरणारं कोणी नाही. झालं. त्या दिवसापासून माझ्या डोक्यात शैलजा बसली. लेखात लेखकांच्या पंगतीला ती, आणि मला आभाराच्या ओसरीवर. सुजाताच्या पत्रांत शैलजा, फोटोत शैलजा, शैलजाने केलेला पुळिओगरे, म्हणजे चिंचेचा भात. मी एकदा विचारलं, तिला बिबडी येते का गं? सुजाता इतकी हसली की तिला ठसका लागला.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तिने आणखी एक बातमी आणली. प्रयोगशाळेत एक पडदा आला होता. काळ्या पडद्यावर हिरव्या रेघांत रेणू उभा राहतो, गोल बटण फिरवलं की फिरतो, पुढून पाहा, मागून पाहा. पालथं-सुलटं काही भानगडच नाही. ती इतकं रंगून सांगत होती आणि मी एका यंत्रावर जळत होते. माणसाचा हेवा करताना निदान त्याच्या नाकाला नावं ठेवता येतात. मी एवढंच विचारलं, मग आता माझं काय काम? ती म्हणाली, अगं, पडद्याला रांग असते, आठवड्यात दोन तास मिळतात, कागदावर काढलेलं बरं पडतं. आणि खरंच पुढच्या मे महिन्यात ती भेंडोळं घेऊन हजर. त्याच्या पुढच्याही. दर वर्षी मी दारातच विचारायची, काय, झोपला का तुमचा पडदा? आणि ती म्हणायची, रांग फार वाढली.

या शेवटच्या वर्षांत एक बदल मला जाणवला होता, पण त्याचा अर्थ लागला नव्हता. पूर्वी ती मला घाई करायची, हात चालव, गाडी परवाची आहे. आता घाई करेना. मी एक काप काढायची आणि ती समोर बसून कैरी चिरायची, तिच्या विद्यार्थ्यांच्या गमती सांगायची, सासूबाईंचे गुडघे चोळून द्यायची. गेल्या वर्षी आली ती आजार घेऊनच. पोटाचा कर्करोग, ऑपरेशन होऊन गेलेलं. केस विरळ झाले होते, काउंटरपाशी स्टुलावर बसवेना म्हणून आम्ही तिथेच गादी टाकली. मी मुद्दाम भराभर हात चालवत होते, तिचं काम अडू नये म्हणून, कारण उशीर झाला तर ती शैलजा पडद्यावर करून टाकेल अशी मला धास्ती होती. तिने पडल्या पडल्या माझं मनगट धरलं आणि म्हणाली, “सावकाश काढ, कांचन.” निघायच्या दिवशी काही काप राहिलेच होते. मी म्हटलं, रात्री बसते. ती म्हणाली, राहू दे, उरलेलं पुढच्या वर्षी. स्टेशनवर सोडायला गेले तेव्हा तिने खिडकीतून हात बाहेर काढला आणि गाडी हलेपर्यंत माझा हात सोडला नाही.

परवा शैलजा जळगावला आल्या. सोबत आबा होते. आबा आता फार वाकले आहेत, त्यांना जिना चढायला दोघांनी हात दिला. शैलजांना मी पहिल्यांदाच पाहत होते. ठेंगण्या, चष्मा, केसांत फूल नाही. मी मनात जी बाई रंगवून ठेवली होती ती चांगली दिसणारी होती. आम्ही हिंदीत बोललो, त्यांचं हिंदी तोडकं आणि माझं मारवाडी वळणाचं. संस्थेत सुजाताच्या नावाने एक कपाट करायचं होतं, त्यासाठी हातांनी काढलेले नकाशे न्यायला त्या आल्या होत्या. मी काउंटर पुसलं, ट्यूब लावली आणि पहिला गठ्ठा ठेवला. त्या बराच वेळ बघत राहिल्या. त्यांनी बोट ठेवून मला ती जागा दाखवली जिथे प्रथिनाचं बोट डीएनएच्या खाचेत जातं. मला दाखवायची काही गरज नव्हती, ती रेघ माझीच होती. मग त्यांनी नंतरच्या वर्षांचे गठ्ठे उघडले आणि त्या थांबल्या. एकेक कागद उचलून पाहू लागल्या. त्यांनी मला विचारलं, हे कधीचे?

मी सांगितलं. त्यांना कळेना, की हे काढले कशाला. पडदा आल्यानंतर असे नकाशे कुणीच काढले नव्हते. हे रेणू सुजाताने जळगावला यायच्या आधीच पडद्यावर पुरे केलेले होते, एक तर छापूनही आला होता. रांगबिंग काही नव्हती. आणि तो रुंद कागद, ते आकडे... त्यासाठी तिने अडगळीतला जुना प्रिंटर दुरुस्त करून घेतला होता, सगळे तिला हसायचे, ती कारण सांगायची नाही. मला एकदम कानाखाली बसल्यासारखं झालं. इतकी वर्षं मी घाम गाळून जे केलं ते कुणाच्या काहीच उपयोगाचं नव्हतं? लहान पोराला नादाला लावायला लाटणं द्यावं तसं तिने मला काम दिलं होतं? मी आबांकडे वळले. म्हटलं, आबा, तुम्हाला माहीत होतं?

आबा गादीवर बसले होते, तिच्याच जागेवर. त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, “पोरी, तिले काम नव्हतं. तिले आठे येवानं व्हतं.”

तिला इथे यायचं होतं, हे मी शैलजांना हिंदीत सांगितलं. मग शैलजांनी चष्मा काढला आणि पुसता पुसता सांगितलं, की दर मे महिन्यात त्या तिला आपल्या गावी, डोंगरात, थंडाव्याला चल म्हणायच्या. घरही तयार ठेवायच्या. ती दर वेळी जळगावला जायची, त्या भट्टीत, आणि परत आली की महिनाभर तुमच्याच गोष्टी. शैलजा म्हणाल्या, मला तुमचा फार राग यायचा. हे ऐकून मला जे झालं त्याला आनंदच म्हणतात, सुतकातही. मी त्यांना पोटभर जेवू घातलं. बिबडी त्यांना आवडली.

जाताना पहिला गठ्ठा मी त्यांच्या हवाली केला, ज्याच्या लेखात माझं नाव आभारात आहे, तो. विज्ञानाच्या उपयोगाचा तेवढाच, तो त्यांचा. शैलजांनी नंतरच्या गठ्ठ्यांवर हात ठेवला आणि यातला एखादा कागद मला द्याल का, असं विचारलं. कपाटासाठी नाही, घरी ठेवायला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. शेवटपर्यंत तिच्याजवळ त्या होत्या, तिचं आजारपण त्यांनी काढलं होतं, हे सगळं मला दिसत होतं. मी नाही म्हटलं. हे छापून आल्यावर लोक मला काय म्हणायचं ते म्हणोत, पण बिनकामाचे ते सगळे कागद माझे आहेत आणि त्यातला एकही मी कुणाला देणार नाही.

मे लागला आहे. वरच्या खोलीत कूलर चालू आहे आणि हवा गरमच येते. गेल्या वर्षी राहिलेले काप मी काढायला घेतले आहेत. दुपारी जेवणं आटोपली की वर येते, काच पुसते, ट्यूब लावते, दोन्ही नॅपकिनांच्या घड्या घालते. एक माझ्या मनगटाखाली ठेवते आणि एक समोरच्या बाजूला. पूर्वी मी दिवसाला तीन काप सहज काढायची. आता एकच घेते आणि तोही अर्धा ठेवून उठते. यंदा पुरे होतील असं दिसत नाही. राहिले तर उरलेले पुढच्या वर्षी.